स्क्रूड्रायव्हर कानाला

कॉलोराडोतल्या त्या डोंगरावर, झाडं जिथे हार मानतात
त्याच्या थोडं वर, माझं वळण.
बावीस वर्षं मी इथे पिवळा झेंडा धरून उभी राहते,
जूनचा एक रविवार, पायांत लोकरी मोजे.

गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची.
दोन वळणं खाली कुणी गिअर उतरवला
की माझ्या दातांना कळायचं.
पण इथली हवा विरळ. इंजिनं धापा टाकतात,
जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलेल्या माणसासारखी.
फिदेल अर्चुलेटाला हे पाठ आहे.
चाळीस वर्षं त्याने कार्ब्युरेटरचे जेट बदलले,
कुठल्या हवेला किती पेट्रोल, हे नाकाने ठरवून.

त्याची पुतणी मारिसेल बॅटऱ्या बनवते.
"काका, हिला श्वासच लागत नाही.
चौदा हजार फुटांवर हिचं काही अडत नाही."
"जिला श्वास लागत नाही," फिदेल म्हणाला,
"तिला पळवायचं कशाला? त्यापेक्षा फ्रिज पळव."

हा वाद नाताळात पेटला. तमाले थंड झाले.
तो म्हणाला, पाचशे किलो पाठीवर घेऊन धावणं
ही शर्यत नव्हे, हमाली.
ती म्हणाली, पाच वर्षांत निम्मं होईल वजन.
तो म्हणाला, ही पाच वर्षं मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय.
ती म्हणाली, इथे डोंगरावर जे तापतं, फुटतं, बंद पडतं,
ते उद्या कुणाच्या तरी दारात फुटणार नाही,
म्हणून पळवायचं.
यावर तो गप्प. मग हळूच,
"आणि तुझं लिथियम? कुणाच्या खाऱ्या तळ्यातलं पाणी आटवून?"
ती तिथे जाऊन आली होती.
तिने ताटातली मिरची नुसतीच बाजूला सरकवली.

नियम असा, की मुक्या गाडीने भोंगा वाजवत यायचं.
त्या रविवारी तिचा भोंगा अकराव्या वळणावरच गेला.
मला काहीच कळलं नाही.
रस्त्याच्या मधोमध एक मार्मोट ऊन खात बसलेला.
तो अचानक उभा राहिला, शीळ घातली, खडकात गडप.
त्याच्या भरवशावर मी झेंडा उचलला.

आणि मग बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं
टायरखाली खडी कशी चुरडते ते,
वारा पंख्याच्या कडेवर कसा फाटतो ते,
आत बसलेल्या पोराचा, बहुतेक, हुंकारसुद्धा.

वळणाबाहेर ती थांबली. लाल दिवा.
लाल म्हणजे हात लावायचा नाही.
पोराने दोन्ही पाय जुळवून उडी मारली,
बेडकासारखी, शिकवल्याप्रमाणे.
मारिसेल आली, कोपरापर्यंत हातमोजे,
लांबून ताप मोजत बसली.
फिदेलही आला, न बोलावता.
तासभर कुणी बोललं नाही.
एखाद्या घरात आजारी माणूस झोपलेला असावा तसं.

दिवा हिरवा झाला.
मारिसेलने पंप परत सुरू केला, कानाला हेडफोन,
मांडीवर लॅपटॉप, त्यावर हजार आकडे, सगळे शहाणे.
फिदेलने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक पेटीवर टेकवलं,
लाकडी मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.

"पाणी," तो म्हणाला. "फिरतंय आतून.
डावीकडे अडखळतंय."
आणखी थोडा वेळ.
"हवा धरलीय हिने."

मारिसेलने डावा पाइप सोडला.
फुस्स झालं. बुडबुडा निघाला, एवढासा.

श्वास न लागणाऱ्या गाडीच्या घशात हवा अडकली होती.
कुणी हसलं नाही. ती लिहून घेत होती.
त्याने स्क्रूड्रायव्हर शर्टाला पुसला.

संध्याकाळी दोघं एकाच ट्रकमधून खाली गेली.
मी झेंडा गुंडाळत होते.
वजनावरून पुन्हा जुंपली होती त्यांची, काचा खाली करून;
ट्रक दिसेनासा झाला तरी
दोन वळणं खालून ऐकू येत होती.