तार

दरसाल सोळा सप्टेंबरला
ग्रामसेवक मला तांबड्या ऑइलपेंटचा डबा देतो,
म्हणतो, पेंटर, नावं उजळून टाका.
शाळेपुढचा खांब. अकरा नावं.
व्यंकटीची वेलांटी पावसानं खाल्लेली असते,
ग्यानोबाचा ग्या तर मीच तीनदा नव्यानं घातला.
उद्या झेंडा, भाषण, लेकरांना दोन दोन केळी.

आमची चिंचखोरी बालाघाटाच्या काखेत.
घाटातून तेव्हा तारेचे खांब जायचे
थेट हैदराबादेकडं.
खांबाला कान लावला की गुणगुण यायची.
पोरं म्हणायची, सरकार घोरतंय.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, अवसेच्या रात्री
अकरा जणांनी ते घोरणं कापलं,
घिसाड्याच्या छिन्नीनं, दोनशे हात.
कापलं खरं, ठेवायचं कुठं?
विहिरीत टाकावी तर मोट अडकणार,
आणि कडब्यात तर ते पहिला भाला खुपसतात.
हे खांबावर नाही.
हे माझ्या बापानं सांगितलं, तो तेव्हा नऊ वर्षांचा,
शेळ्या घेऊन टेकडीवर राखणीला बसवलेला.

सकाळी रझाकारांची लॉरी आली.
सगळ्यांना चावडीपुढं उन्हात बसवलं.
कॅम्प कुठाय?
एकानं उगवतीला बोट केलं, एकानं मावळतीला,
कोंडाबाईनं वर आभाळाकडं.
(अजून आमच्या गावात कुणी वाट धड सांगत नाही.
पाहुणे म्हणतात, खवट माणसं.
तसं नाही हो. बोटाची सवय.)

तेवढ्यात अमीनबी मणियारीण
डोक्यावर दुरडी घेऊन त्यांच्यामधूनच निघाली.
वर हिरव्या बांगड्या, पिवळ्या, बिलोरी,
खाली वेटोळं.
किधर, खाला?
घाटाखाली, बाबा. नवरी खोळंबलीय.
मान लचकली नाही.
एक बांगडी वाजली नाही.
बाप म्हणायचा, मी वरून बघत होतो,
तिची सावली तेवढी जड चालत होती.

मग सप्टेंबर. सोलापूरच्या अंगानं फौज आली,
चार-पाच दिवसांत सगळं उरकलं.
गुलाल झाला, गूळ वाटला.
आणि सहाव्या का सातव्या रात्री
शेजारच्या गावची माणसं कंदील घेऊन आली
(शेजारच्या गावची, असं आम्ही म्हणतो)
आणि मणियाराचं घर पेटलं.
काच तडकायचा आवाज उशिरापर्यंत येत होता.
बाप इथं थांबायचा. तंबाखू मळायचा.
म्हणायचा, उन्हाळ्यात आपण गप्प बसलो, ते गाजलं.
त्या रात्रीपण गप्पच बसलो.
कडी आतून लावलेली. आईनं माझ्या तोंडावर हात धरलेला.

अमीनबी कुठं गेली विचारलं
तर कुणी म्हणतं उदगीर, कुणी गुलबर्गा,
कुणी वर आभाळाकडं बोट करतं.

तार मात्र परत आली.
घाटाखाली तिनं जिथं ठेवली होती तिथंच होती,
गावानं वाटून घेतली.
आमचा तुकडा लिंबापासून न्हाणीपर्यंत ताणलाय.
जस्त गेलं, गंज धरला, तुटत नाही.
बायको धुणं वाळत घालते.
पांढऱ्या सदऱ्यावर आडवी तांबूस रेघ उमटते.
रिठा लावा, लिंबू लावा, जात नाही.
सतरा तारखेला मी तोच सदरा घालून
भाषणाला मागच्या रांगेत उभा राहतो.

अकराव्या नावाखाली दगड कोरा आहे.
मी मापलाय. एक ओळ बसते.
ग्रामसेवक म्हणतो, ठराव लागेल.
सरपंच म्हणतो, कोण अमीनबी?

रंग दरसाल थोडा उरतो.
मी झाकण ठोकून फळीवर ठेवतो, त्याच्यावर साय धरते.
काल काडीनं साय बाजूला करून पाहिलं.
खाली ओला आहे अजून.
चार अक्षरांपुरता.