यादी भाग १४७

आदल्या दिवशी सेक्टर साहेब आले
आणि अंगणवाडीची भिंत बघून म्हणाले,
कमळ झाका. घड्याळही. धनुष्य, पंजा, सगळं.
मी जुन्या पेपराला खळ लावली
आणि क, घ, ध, प
एकेक करून गप्प केले.
वजनकाटा आढ्यावरून काढला,
झोळी घडी करून कोपऱ्यात.
जिथं पोरं लोंबकळतात
तिथं मशीन आलं, पुठ्ठ्याच्या आडोशात.

यादीत सहाशे बारा नावं.
हिंडले आहे मी या नावांतून,
एकच चप्पल दोनदा शिवून.
एकशे अठरा तेलंगणात, मिरची तोडायला.
फोन लावला तर मागे वारा, आणि खोकला:
"गाडीभाडं कोण देते जी? तुम्ही?"
नऊ जण मेलेले, पण कागदावर अजून
दारात बसलेले,
कारण दाखल्यासाठी तालुक्याला जावं लागतं
आणि मेलेल्यासाठी
एका दिवसाची मजुरी कोण बुडवेल?

एप्रिल. मोहाचे दिवस.
सातला मतदान सुरू झालं तेव्हा
गाव रानात होतं, वाकलेलं.
मोह काही आयोगाचं ऐकत नाही,
तो पहाटेच गळतो.
नऊला साहेबांनी फोनवर टक्का विचारला.
सहा, म्हटलं.
"फक्त सहा? जनजागृती केली नाही का?"
केली होती. रांगोळी काढली होती.
रांगोळीवरून शेळ्या गेल्या.

दहानंतर टोपल्या आल्या, मग माणसं.
पैकाबाई गुरनुले, वय एक्याऐंशी,
हात चिकट, पदराला मोहाचा वास.
शाईवाला म्हणाला, आजी, बोट पुसा आधी.
पुसलं तरी शाई पसरलीच.

मागच्या खेपेला हिला मीच मारलं होतं.
गावात पैकाबाई गुरनुले दोन.
वरच्या टोलीतली गेली,
मी सात नंबरचा फॉर्म भरला
आणि रेघ पडली हिच्या नावावर.
त्या दिवशी तीन तास बसून होती, इथंच, पायरीवर.
भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"माय, मी दिसत नाही का वो तुले?"

यंदा बाहेर येऊन बोट दाखवलं मला.
फोटोसाठी दाखवतात तसं नाही,
जवळ आणून, डोळ्यांसमोर धरून.
"लिव आता. जित्ती आहो मी."

रोशन लोनबले आला नाही.
दिवसभर रपट्यावर, मोबाइलात मान घालून.
दुपारी छत्री घेऊन गेले तर म्हणाला,
काय फरक पडते मॅडम.
माझ्याकडे प्रशिक्षणातलं उत्तर होतं, छापील.
ते तोंडाशी आलं, आणि त्याचे कान दिसले.
जन्मला तेव्हा एक किलो नऊशे.
लाल रेघेच्या खाली.
दर पंधरवड्याला झोळीत घालायची मी त्याला.
काटा शंभर ग्रॅमनं हलला
की त्याची आई विहिरीवरच्या बायांना सांगायची.
शंभर ग्रॅमनं काय फरक पडतो
हे काही मी त्याला सांगितलं नाही.
ऊन फार होतं. परत आले.

संध्याकाळी चारशे अकरा.
सदुसष्ट पूर्णांक सोळा.
साहेब खूश, म्हणे छान, पुढच्या गावाला निघाले.
रात्री भाकर थापता थापता मी हिशेब मांडला:
मेलेले वजा, मिरचीतले वजा,
तरी चौऱ्याहत्तर उरतात.
गावातच. आपापल्या घरी.
अशक्त, की आजारी, की नुसतेच रुसलेले,
त्यांचा रकाना
माझ्या कुठल्याच रजिस्टरात नाही.

सकाळी पेपर सोलले.
खळ घट्ट बसली होती,
कमळाची एक पाकळी सोबत निघाली,
घड्याळाचा तास काटा गेला.
वजनकाटा टांगत होते तर दारात रोशन.
न सांगता स्टूल धरलं.
मग आढ्याकडं बघत:
"तसं… नाव होतं का माझं?"
होतं. तीनशे सतरा.
"फोटो कोणता लावला?"
कॉलेजच्या फॉर्मवरचा, म्हटलं. कान मोठे दिसतात.

हसला.
हूक पक्का बसला का
ते त्यानं ओढून बघितलं,
दोनदा.