कल

त्या कचेरीची पाटी मी तीनदा वाचली.
आधी होतं: संवर्ग विभाग.
मग: कर्मचारी विभाग.
आणि शेवटी, त्याच चार खिळ्यांवर,
मानव संसाधन.
आत मात्र तीच बाई, तीच लोखंडी कपाटं,
खिडकीत तेच जेरेनियम, आणि खाली यांत्रा,
यंत्रांना पाणी पाजून दमलेली नदी.

गाब्रोवोच्या गिरणीत मी दर सहा वर्षांनी जायचे,
प्रश्नावलीच्या चाळीस प्रती घेऊन.
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.
पहिल्या फेरीत आम्ही विचारलं कपातीबद्दल,
दुसऱ्या फेरीत प्रशिक्षणाबद्दल.
तिसऱ्या फेरीत रॉटरडॅमच्या सहलेखकानं
'प्रतिभा' हा शब्द घुसवला.
तोवर सूत कातायला अकरा माणसं उरली होती.
हे आम्हाला कुणी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही, तो रकानाच नव्हता.

त्यानं नेदेल्का मिंचेवाला विचारलं,
लोक समाधानी आहेत का?
तिनं मान वर उचलली, जिभेनं चक् केलं.
त्यानं वहीत लिहिलं: होकार.
आमच्याकडे मान वर जाते ती नकाराला,
हे मी त्याला परतीच्या बसमध्ये सांगितलं.
त्यानं खोडलं. शाईचं खोडलेलं
वाचता येतंच.

सोफियात, जानेवारीत, आकडे भरताना
माझ्या लक्षात आलं ते वर्तुळांमुळे.
चाळीसही प्रतींवर आकड्याभोवतीचं वर्तुळ
उजवीकडे जरा उघडं,
घाईत लोटलेल्या फाटकासारखं.
शाई जांभळी. हात एकच.

फोनवर तिनं आढेवेढे घेतले नाहीत.
"चाळीस पाठवलेत, होते अकरा.
तेही म्हणाले, तूच भर, मशीन थांबवता येत नाही.
उरलेले मी कुठून आणू?
पण मनचं काही लिहिलं नाही हं.
किंचो कशालाच दोनच्या वर जायचा नाही,
आईच्या हातच्या सुपातही त्याला मीठ कमी.
त्सोन्का सगळ्याला पाच देऊन
संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत रडायची.
दोब्री तीन, तीन, तीन. युनियनमध्येही तसाच.
आता कुणी व्हॅलेन्सियात संत्री तोडतंय,
कुणी अथेन्समध्ये परक्या म्हातारीला न्हाऊ घालतंय.
तुमच्याकडे पत्ते आहेत? माझ्याकडे आहेत.
नोटिसा मीच टाईप केल्या."

मग जरा थांबून:
"तेविसावा प्रश्न तेवढा माझा.
वरिष्ठ तुम्हाला माणूस म्हणून ओळखतात का?
तिथं मी सगळ्यांना पाच दिले.
किंचोलाही."

उत्तर नसेल तिथं आम्ही नव्व्याण्णव लिहितो.
अकरा जणांना मी पुन्हा भेटून आले,
उरलेल्या एकोणतीस ओळींत नव्व्याण्णव टाकत गेले,
शास्त्राला धरून, रात्री दोनपर्यंत.
त्सोन्काचे पाच पुसताना
विनाकारण खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं, आत आलं.

लेख छापून आला: संक्रमणकाळातील मनुष्यबळ.
मनुष्य आणि बळ, दोन्ही एका शब्दात
मावतात असं शीर्षकापुरतं वाटतं.
तळटीप चौथी: एकोणतीस प्रतिसाद वगळले.
समीक्षकाचा शेरा आधीच आला होता,
नमुना लहान, कल स्पष्ट होत नाही.

एक अंक मी नेदेल्काला पाठवला.
ईस्टरनंतर तो पोस्टानं परत आला,
बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही.
चौथ्या तळटीपेपासून समासात, मग उलट्या पानावर,
जांभळ्या शाईत एकोणतीस नावं,
आडनावासकट, गावासकट.
आणि किंचोच्या नावापुढे:
प्रश्न तेवीस. पाच खोडून दोन.
भोवती वर्तुळ,
उजवीकडे उघडं.