सिन्नर म्हणजे डावीकडून

आढाव सरांनी एकतीस वर्षांत
विद्यापीठाच्या तेरा ढाली आणल्या कॉलेजात.
आकडा मला पाठ आहे, कारण जिमखान्यातल्या कपाटाच्या काचा
दर शनिवारी मीच पुसायचे.
खेळायचे कमी.
दोन वर्षांत एकूण अकरा मिनिटं,
त्यातली चार तर निकाल लागून गेल्यावरची.

कोर्ट सिमेंटचं. एका कोपऱ्यात तडा,
चेंडू त्यात पडला की वाटेल तिकडे उसळायचा.
प्राचार्य सहा बदलले, तडा तोच.
सर म्हणायचे, राहू द्या,
पाहुण्यांना तो माहीत नाही, आपल्याला आहे.

डिसेंबरात पहाटे हात असे बधिर
की पास झेललेला कळायचा नाही,
नुसता आवाज यायचा.
शरणपूर रोडवरून सर सायकलने यायचे,
कानटोपी, गळ्यात शिट्टी,
आणि खिशात एसटीचं वेळापत्रक.
कोणाची गाडी कितीला, हे त्यांना
आमच्या आयांपेक्षा पक्कं ठाऊक.
हरसूलच्या मुलीला सव्वासहाला सोडायचं म्हणजे सोडायचं,
मग ती बास्केटखाली मोकळी उभी असो
हातात चेंडू घेऊन.

त्या वेळापत्रकातूनच निघाल्या आमच्या चाली.
ओझर: सरळ हायवे, मागे बघायचं नाही.
पेठ: घाट आहे, दमानं घ्या, वळणावर चेंडू लपवा.
त्र्यंबक: तिघींनी फेरी घालायची,
चौथीनं दर्शन घेऊन यायचं.
सिन्नर म्हणजे डावीकडून.
पुण्याच्या पोरी पार गोंधळायच्या.
त्यांचे सर एकदा पंचांकडे गेले,
की हे लोक मॅच सोडून गावांची नावं ओरडतात.

त्याच मॅचला, नऊ सेकंद उरलेले,
सरांनी बाकाकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी.
शेजारी सुनंदा कोठावदे.
तिच्या बुटाची नाडी सुटली होती, मी बांधली.
ती गेली, डावीकडून,
बोर्डला लागून आत.
पेपरात फोटो आला. त्यात कडेला एक कोपर आहे,
तो माझा.

मी विचारलं होतं त्यांना, एकदाच, स्टोअरच्या दारात,
सर, मला का नाही?
ते चेंडू मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले,
वळताना तुझा डावा पाय उचलतो.
एवढंच.
बसमध्ये घरापर्यंत रडले मी,
आणि घरी ओट्यापाशी उभी राहून
डावा पाय रोवून वळत बसले.
आई म्हणाली, फरशी झिजेल.

सर निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं.
मी नव्हते. माझी दुपारची ड्यूटी होती.
हो, कंडक्टर. नाशिक एक डेपो.
सीबीएसवर उभी राहून ओरडते, सिन्नर, सिन्नर,
आणि अजूनही दरवेळी
खांदा आपोआप तिकडे झुकतो.

परवा सर चढले.
हातात औषधांची पिशवी, कानटोपी मात्र नवी.
अर्धं, म्हणाले, आणि आधार कार्ड पुढे केलं
जसं कोणालाही करतात.
मीही तिकीट दिलं, जसं कोणालाही देते.
तीन रुपये सुटे नव्हते, मागे लिहून दिले.

द्वारकेला गाडी कचकन उजवीकडे वळली.
सगळी गाडी डावीकडे कलली,
एक बाई तर भाजीच्या पिशवीसकट सरांच्या अंगावर.
माझी बोटं मशीनवर होती, दांडा धरलेला नव्हता.
गुडघे वाकले, आणि मी होते तिथेच राहिले.

सरांनी पाहिलं. तोंडाकडे नाही, पायांकडे.
बऱ्याच वेळानं, शिंदे गाव मागे गेल्यावर म्हणाले,
आता नाही उचलत.

मग खिडकीबाहेर बघत बसले.
उतरताना तीन रुपये मागायचे विसरले.
अजून आहेत माझ्याकडे, बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात.