पाच पूर्णांक एक

सुळेभावीहून इराप्पा आला, पिशवीत माझेच अकरा दिवे.
हातमागावर अडकवायचे, बोटभर लांबीचे,
उद्यमबागेत याच टेबलावर मी जोडलेले.
"अक्का, करंट बरंगिल्ल," म्हणाला,
मग माझ्यासाठी मराठीत,
"म्हणजे येतंय, खरं एकाच बाजूनं."

प्रत्येक वायरीच्या टोकाला
बायकोच्या नेलपॉलिशचा झिजलेला ठिपका.
ठिपका वर, तर उजेड.
ठिपका खाली, तर सगळं रेशीम काळं.

मी दिवा उघडला. उघडायची गरज नव्हती.
आत काय नाही ते मला माहीत होतं.

जुना चार्जर विचारत नसे. खुपसला की ओतायचा.
हा नवा, दोन्ही टोकं सारखी असलेला,
पाच व्होल्ट हातात धरून दाराशी थांबतो,
सी.सी.च्या बारक्या तारेतून
थोडासा दाब सोडून बघतो:
पलीकडं कोण आहे का?
पलीकडं मोहरीएवढा रोधक हवा,
पाठीवर ५१२ लिहिलेला,
तो दाब जमिनीकडं ओढून एवढंच सांगणारा
की आहे, घेणारं कुणीतरी आहे.

दाराला कड्या दोन. ए पाच, बी पाच.
वायरीत हाक मारणारी तार एकच;
ती कुठल्या कडीवर पडेल
ते लावणाऱ्याच्या हातावर. अंधारात. अर्धवट झोपेत.
म्हणून रोधक दोन, ज्याचा त्याला वेगळा.
हे मी वाचलं होतं. खाली रेघही ओढली होती.

आणि तरी त्या रात्री, दोनशे नगांची घाई,
रीळ संपत आलेलं,
मोनेश म्हणाला, एका बाजूनं लागूलालाय की.
मी म्हटलं, चालतंय.
नगामागं वाचले वीस पैसे.

पाटीवर कुणाचं अक्षर वर, कुणाचं खाली,
यावरून आमच्याकडं काचा फुटल्यात.
या पिनला वर-खाली नाहीच
म्हणून तर मी ती घेतली होती.

आठ महिने इराप्पानं तक्रार केली नाही.
ठिपके लावले.
ठिपके झिजले, तेव्हा आला.

अकरा वेळा चिमटा, अकरा वेळा सोल्डरचा धूर,
अकरा वेळा उलटं लावून बघणं.
किती झाले, त्यानं दोनदा विचारलं.
मी मान हलवली, वर बघितलं नाही.

तो गेला. टेबलावर रिकामं रीळ.
एकशे एकोणनव्वद अजून कुठं कुठं
सुलट्या बाजूची वाट बघूलालेत.