कामाचा तपशील, खंड न ठेवता

विट्याचा पोरगा खुर्चीच्या काठावर बसतो.
बाप गलाईवाला, म्हणून जन्म मदुराईचा,
जन्माचा दाखला तमिळमध्ये, शाळेचा मराठीत,
आणि पासपोर्टावर आडनावात एक ‘एच’ जास्त.
लिस्बनला मावसभावाच्या ओळखीनं काम आहे म्हणतो.
मग भिंतीवरच्या सनदेकडे बघतो, घसा खाकरतो,
मॅडम, तुम्ही ह्या लाईनच्या आधी काय करत होता?

प्रश्न रास्त आहे.
पान सात, रकाना चौदा,
मी त्याला तेच विचारणार होते.
गेल्या किती तरी वर्षांच्या कामाचा तपशील, खंड न ठेवता.

तर घे लिहून.
हरिपूर. हळदीच्या पेवांच्या वह्या.
कुणाचं पेव, किती पोती, कधी बुजवलं.
पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत.
गुंडू ऐनापुरे दोरीनं आधी कंदील सोडायचा.
विझला तर म्हणायचा, बसा, अजून हवा वाईट आहे.
मग आम्ही कडेला बसून शेंगा खायचो.
तेवढं एक मी तिथं शिकले, पगार सांगण्यासारखा नव्हता.

नंतर रात्रीचं कॉलेज, नंतर इस्लामपूरचं कोर्ट.
अकरा वर्षं बांधाचे दावे.
दर नांगरटीला वीतभर बांध कोरणारी माणसं,
मोजणीच्या दिवशी खुणेचा दगड हातभर सरकलेला,
आणि दोन्ही बाजू देवाशप्पथ खरं सांगणाऱ्या.
आता त्यांचीच नातवंडं येतात,
ज्या देशाचा बांध कुठून जातो ते मीही पाहिलेलं नाही.
तिकडच्या कायद्याची सनद माझ्याकडे नाही, हे पहिल्यांदा सांगते.
माझ्याकडे कागद आहेत. प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं,
एकाच माणसाची चार नावं एका माणसात परत आणणं.

सरळ वाटेनं इथं आलेला मला तरी कुणी माहीत नाही.
मिरजेचे पेंढारी वकील मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते,
नर्सिंगच्या पोरींच्या फायली म्हणून त्यांच्याकडे जातात,
रात्रपाळी म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागत नाही.
साताऱ्याचे भोईटे फौजेतून आले,
अजून अर्जाची चळत बुटासारखी चमकवून देतात.
आणि एकजण आधी एजंट होता.
नाव नको. पण खोटा शिक्का त्याच्याइतका लवकर
कुणालाच ओळखता येत नाही,
आणि ओळखला की तो त्या दिवशी जेवत नाही.

पोरगा ऐकतोय, बोटांवर काहीतरी मोजतोय.
मॅडम, म्हणतो, हरिपूर आणि कोर्टाच्या मधे
दोन वर्षं राहिली.

पोरगं हुशार आहे.

ती दोन वर्षं मी घरी होते, माधवनगरला.
दोह्याहून एक कागद यायचा होता.
पोस्टमन दिसला की मी पदराला हात पुसायचे.
कागद आला तेव्हा तो वेगळाच होता,
त्यावर सही करायला माझ्या बाजूनं वकील नव्हता.
रकान्यात काय लिहायचं याचं? गृहिणी लिही.
सगळेच तसं लिहितात.

खाली कुणीतरी गाडी चालू करून ठेवलीय.
मी त्याला काही विचारत नाही.
दोरी हळूच सोडून बसले आहे.

मग तोच म्हणतो, कुवेत.
आठ महिने.
बापाला सांगितलंय पुण्यात होतो.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता,
आणि तो परत कसा मिळाला ते लिहावं लागेल का?

कंदील खाली गेलाय, जळतोय.

लागेल, म्हणते. पण आज नको.
आज आधी तो एच.
चहा सांगते, तुझा तमिळ दाखला काढ,
आणि खुर्चीत नीट बस, मागे टेकून.