चौथा कागद

डुलूथच्या वाचनालयाचं तळघर, फेब्रुवारी.
इथे आम्ही लोकांचे कर फुकट भरून देतो.
वर्लीन ट्वेट बुटांवरचा बर्फ झटकत आली
आणि पिशवीतून वर्ष काढलं:
वृद्धाश्रमातली धुलाई, शाळेची बस,
बुडालेलं डोनटचं दुकान
(त्या कागदावर मालकाने छापील पत्ता खोडून
घरचा लिहिलेला, निळ्या पेनाने).

"वेगवेगळं लिहायचं ना?
तिन्हीकडे मी निराळीच बाई होते."

नाही, म्हटलं. मजुरीची ओळ एकच.
तिथे फक्त बेरीज मावते.

मग तिने पालथा ठेवलेला चौथा सरकवला.
मासळीच्या कारखान्यातले अकरा दिवस.
बाराव्या दिवशी बहिणीच्या घरून फोन,
त्यानंतर ती कामावर गेलीच नाही.
"एवढंसं नाही धरलं तर?"

चालत नाही. त्यांच्याकडे प्रत गेलेली असते.
सहाशे बारा डॉलर, चाळीस सेंट.
सेंट सोडून दिले, तेवढी मुभा आहे.

देणं निघालं, दोनशे एकोणीस.
प्रत्येक मालकाला वाटलेलं, ही आपली एकट्याचीच;
म्हणून प्रत्येकाने कमी कापलं.
हे ऐकून ती जोरात हसली,
शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवली.

सही करताना मात्र पेन थांबलं.
"म्हणजे सरकारदरबारी नोंद आहे,
त्या आठवड्यात मी कुठे होते त्याची."

हो, म्हणालो.
तिने चौथा कागद
सगळ्यात वर ठेवला, आणि टाचणी मागितली.